‘आधी गोपाथ सेट करा’: एका सूचनेची समीक्षा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली असून पुनरुक्ती तेवढी काढली आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे व्याख्यात्यांनी उच्चारली तशी दिली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांचा थोडा भाग जोडला आहे.)



आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, सर, समीक्षा कवितेची असते, कादंबरीची असते, फार तर सिनेमाची. इन्स्टॉलेशनच्या सूचनांची कसली समीक्षा करताय? प्रश्न रास्त आहे. पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत एखादी कविता अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचली? आणि ‘ही ओळ टर्मिनलमध्ये लिहा’ अशी सूचना किती जणांनी तशी वाचली? ज्या मजकुरात एक टिंब चुकलं तर दिवस वाया जातो, तो मजकूर आपण कवितेपेक्षा काळजीने वाचतो. मग तो नीट लिहिलाय का, हे कोणीतरी विचारायला नको?

मी एकच सूचना घेतोय. गो नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. २००७ मध्ये गूगलमध्ये रॉबर्ट ग्रिझमर, रॉब पाइक आणि केन टॉम्प्सन यांनी तिच्यावर काम सुरू केलं, २००९ च्या नोव्हेंबरात ती जगासमोर आली, आणि मार्च २०१२ मध्ये गो १ ही पहिली स्थिर आवृत्ती निघाली. त्यानंतरची पाच-सहा वर्षं ही भाषा शिकायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाला एक वाक्य भेटलं: आधी गोपाथ सेट करा. त्याखाली तीन भाग असायचे, विंडोजसाठी हे करा, मॅकसाठी हे करा, लिनक्ससाठी हे करा. प्रत्येकी दोन-चार ओळी. एवढाच आपला मजकूर.

आधी गोपाथ म्हणजे काय ते बघू. गोची कल्पना अशी होती, की तुमचा सगळा गो कोड एकाच झाडाखाली राहील. त्या झाडाला वर्कस्पेस म्हणायचं. त्यात तीन फोल्डर: एसआरसीमध्ये मूळ कोड, पीकेजीमध्ये तयार झालेले तुकडे, बिनमध्ये चालवण्याजोगे प्रोग्रॅम. हे झाड तुमच्या यंत्रावर कुठे आहे, ते गोला सांगायला गोपाथ नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल.

आता हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणजे काय? ‘पर्यावरण’ म्हटलं की आपल्याला झाडं आणि प्रदूषण आठवतं. मला ‘घरचं वळण’ हा शब्द जवळचा वाटतो. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देतो तेव्हा आपल्याजवळच्या नाव-किंमतीच्या जोड्यांची एक प्रत त्याच्या हातात देतो. घर कुठे आहे, भाषा कोणती, आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या, वगैरे. लेकरू ती प्रत घेऊन निघतं. पुढे त्याने स्वतःच्या प्रतीत काहीही बदललं तरी आईबापांच्या प्रतीत काडीचा फरक पडत नाही. आणि आईबापांनी नंतर काही बदललं, तर आधीच घराबाहेर पडलेल्या लेकराला ते कळत नाही.

ही व्यवस्था १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आली, बोर्न शेलबरोबर. १९८३ मध्ये डॉसच्या २.० आवृत्तीने तिची आपली नक्कल केली. म्हणजे ज्या यंत्रणेवर आपण अजून बसलोय ती चार दशकांहून जुनी आहे, आणि तिचा सगळा स्वभाव ‘जन्माच्या वेळी मिळालेली प्रत’ या एका गोष्टीत आहे. हे कळलं की सूचनेतली सगळ्यात गूढ ओळ उलगडते: ‘आता टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.’ का बंद करायचं? तर उघडं टर्मिनल म्हणजे आधीच घराबाहेर पडलेलं लेकरू. त्याच्याकडे जुनी प्रत आहे. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला पुढची दहा वर्षं पुरलं असतं. ते क्वचितच कोणी लिहिलं. बंद करा, उघडा. का ते विचारू नका.

आता त्या तीन भागांकडे येऊ, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. तीन भाग शेजारी शेजारी मांडले की वाटतं, एकाच गोष्टीची ही तीन भाषांतरं आहेत. ती तशी नाहीत. त्या तीन वेगवेगळ्या कल्पना आहेत.

लिनक्सवर तुम्ही किंमत कायमची ‘साठवत’ नाही. तुम्ही एका फाइलीत आज्ञा लिहून ठेवता, आणि शेल दर वेळी सुरू होताना ती आज्ञा पुन्हा चालवतं. म्हणजे ती सवय आहे, नोंद नव्हे. मग प्रश्न येतो, कोणती फाइल? बॅशचा नियम असा: लॉगिन शेल असेल तर ते घरातल्या डॉट बॅश-प्रोफाइल, डॉट बॅश-लॉगिन आणि डॉट प्रोफाइल या तीन फाइली क्रमाने शोधतं आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं. लॉगिन नसलेलं, पण आपण समोर बसून वापरतो ते शेल डॉट बॅश-आरसी वाचतं. उबुंटूवर आपण टर्मिनलची खिडकी उघडतो ती सहसा दुसऱ्या प्रकारची. आता कल्पना करा, सूचनेत लिहिलंय ‘डॉट बॅश-प्रोफाइलमध्ये ही ओळ घाला’. उबुंटूच्या नव्या खात्यात ती फाइल नसतेच. वाचणारा आज्ञाधारक, तो ती तयार करतो. परिणाम काय? टर्मिनलच्या खिडकीत गोपाथ दिसतच नाही, कारण ती खिडकी ती फाइल वाचत नाही. आणि लॉगिन शेल आता डॉट प्रोफाइलकडे फिरकत नाही, कारण त्याला पहिली फाइल सापडली. एक ओळ घातली, हवं ते मिळालं नाही, आणि आधीचं चालू होतं ते बंद पडलं.

मॅकवर बरोबर उलटं. तिथलं टर्मिनल लॉगिन शेल उघडतं, म्हणून तिथे डॉट बॅश-प्रोफाइल हेच बरोबर उत्तर होतं आणि डॉट बॅश-आरसी चूक. होतं म्हणतोय, कारण ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिना आली आणि नव्या खात्यांसाठी मूळचं शेल झेडशेल झालं. ते बॅशच्या फाइली उघडूनही बघत नाही, त्याची स्वतःची डॉट झेडएसएच-आरसी आहे. जुनं खातं तसंच वर नेलं असेल तर मात्र बॅशच राहतं. म्हणजे एकाच वर्गात, एकाच मॅकवर, एकाच आवृत्तीत दोन मुलांना दोन वेगळी उत्तरं. शिवाय मॅकवर दोन जगं आहेत. टर्मिनलमधून जन्मलेल्या प्रोग्रॅमला टर्मिनलचं वळण मिळतं. डॉकवर टिचकी मारून उघडलेला एडिटर टर्मिनलचा मुलगाच नाही, त्याला त्या फाइलींचा गंध नसतो. म्हणून टर्मिनलमध्ये सगळं चालतं आणि एडिटर म्हणतो, गो सापडलं नाही. काही एडिटर यावर उपाय म्हणून स्वतःच पडद्यामागे एक शेल उघडतात आणि त्याच्याकडून सगळ्या किंमती उसन्या घेतात. सोय म्हणून छान आहे. पण वाचणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र आणखी धूसर होतं.

आणि विंडोज. तिथे किंमत खरोखरच साठवली जाते, रजिस्ट्रीत. एक यादी सगळ्या यंत्राची, एक तुमच्या खात्याची. एकच नाव दोन्हीकडे असेल तर तुमच्या खात्याचं जिंकतं. पण पाथ हा अपवाद: तिथे यंत्राची यादी आधी आणि तुमची यादी तिच्या शेपटीला जोडली जाते. हा अपवाद लक्षात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे. दोन पत्त्यांमध्ये युनिक्सवर विसर्गचिन्हासारखा कोलन, विंडोजवर अर्धविराम, कारण विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या नावातच कोलन आहे. नावातलं लहान-मोठं अक्षर युनिक्सवर वेगळं मोजतात, विंडोजवर एकच.

एका साध्या मोकळ्या जागेची गंमत बघा. आपल्याला शाळेत ‘बरोबर’ चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायला शिकवलंय, म्हणून नवा माणूस तशी सोडतो. बॅशमध्ये एक्स्पोर्ट गोपाथ, जागा, बरोबर, जागा असं लिहिलंत तर ते ताबडतोब कुरकुरतं. चूक कळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सेट लिहून तसंच केलंत तर तक्रार शून्य, आणि तयार होतो ‘गोपाथ आणि शेवटी एक मोकळी जागा’ अशा नावाचा नवा व्हेरिएबल. डोळ्यांना हुबेहूब गोपाथ. गोला तो दिसत नाही. उलट, फोल्डरच्या नावात जागा असेल आणि अवतरणचिन्हं विसरलात, तर बॅश गुपचूप पहिला शब्द गोपाथमध्ये घालतं आणि दुसरा शब्द वेगळा व्हेरिएबल समजतं. तिथे ते गप्प. म्हणजे कोणती यंत्रणा कुठे बोलेल आणि कुठे गप्प बसेल, याचं प्रत्येकीचं तंत्र निराळं. तीन समांतर भागांत मांडलेली सूचना नेमकं हेच झाकते.

आता एक कबुली.

२०१६ साली मी एका तालुक्याच्या गावी रविवारी वर्ग घ्यायचो. गो शिकवत होतो. एक मुलगी भावाचा लॅपटॉप घेऊन एसटीने यायची. भाऊ नोकरी करून रात्री त्याच लॅपटॉपवर पायथन शिकत होता. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर विंडोजसाठी सेटेक्सची एक ओळ लिहिली: जुना पाथ, पुढे अर्धविराम, पुढे आपल्या वर्कस्पेसमधल्या बिनचा पत्ता, हे सगळं मिळून नवा पाथ. कुठल्यातरी मार्गदर्शिकेतून उचललेली ओळ. माझ्या यंत्रावर कितीदा चालली होती. तिने ती लिहिली आणि हात वर केला. ‘सर, वॉर्निंग आलीय.’ मी लांबूनच विचारलं, ‘खाली सक्सेस आहे का?’ ‘हो, सक्सेस पण आहे.’ ‘मग चालेल.’

ती वॉर्निंग अशी असते: साठवली जाणारी माहिती १०२४ अक्षरांवर कापली आहे. आणि लगेच खालच्या ओळीत: यशस्वी, किंमत साठवली.

आता मघाचा अपवाद आठवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जुना पाथ’ म्हटलं की यंत्राची यादी आधी आणि खात्याची यादी शेवटी अशी एकत्र मिळते. सेटेक्सने ती सगळी १०२४ अक्षरांवर कापून खात्याच्या जागेत लिहिली. कापलं गेलं ते शेपूट. शेपटीत काय होतं? भावाने स्वतःच्या खात्यात बसवलेली सगळी साधनं. आणि आम्ही जो नवा पत्ता जोडायला निघालो होतो, तो तर सगळ्यात शेवटी होता, म्हणजे तोही गेला. यंत्राच्या पत्त्यांची मात्र दोनदा नोंद झाली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: ‘सर, दादाचं पायथन चालत नाहीये.’

मी फोनवरून भावाला एकेक फोल्डर शोधायला लावून पत्ते परत लिहून घेतले. जुनी यादी कुठेच नव्हती, या आज्ञेला माघार नाही. भाऊ शांतपणे बोलला, पण पुढच्या रविवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लॅपटॉप मिळाला नसेल, किंवा आपल्याला हे जमणार नाही असं तिने ठरवलं असेल. तिने काय चूक केली होती? फळ्यावरची ओळ जशीच्या तशी लिहिली, वॉर्निंग वाचली, आणि शिक्षकाला विचारलं. तिघांत नीट वाचणारी ती एकटीच होती. ओळ लिहिणाऱ्याने नीट वाचलं नव्हतं आणि मी तर नव्हतंच.

तेव्हापासून मी या सूचनांकडे मजकूर म्हणून बघायला लागलो.

पहिला प्रश्न मला पडला तो क्रमाचा. ‘आधी’ गोपाथ. खरंच आधी? मी तपासलं. एकाच फाइलीतला, गोच्या सोबत येणारीच साधनं वापरणारा छोटा प्रोग्रॅम गो रन म्हणून चालवायला गोपाथ तेव्हाही लागत नव्हता. ‘नमस्कार’ छापणारा पहिला प्रोग्रॅम डेस्कटॉपवर ठेवूनही चालला असता. गोपाथ लागायचा तो दुसऱ्याचा कोड गो गेटने आणताना, किंवा स्वतःची पॅकेजं रचताना. म्हणजे पहिल्या तासात आम्ही जे करून घेत होतो, त्याची गरज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडणार होती. पाहुणा दारात आला की आधी त्याला पाणी द्यावं. आम्ही त्याच्या हातात घराचा सातबारा दिला.

मग गोच्या कर्त्यांनी हे असं का केलं? त्यांना अक्कल नव्हती असं म्हणणं शुद्ध अन्याय होईल. केन टॉम्प्सन हे युनिक्सच्या जन्मदात्यांपैकी. ते आणि रॉब पाइक बेल लॅब्समध्ये प्लॅन ९ या सिस्टिमवर होते, तिथे तर लांबलचक पाथची गरजच त्यांनी काढून टाकली होती. वेगवेगळे फोल्डर एकावर एक जोडून एकच बिन दिसेल अशी सोय होती, आज्ञा तिथेच शोधायची. म्हणजे या माणसांना दुखणं ठाऊक होतं.

गोपाथमागे एक सुंदर विचार आहे. गोमध्ये दुसऱ्याचं पॅकेज हवं असेल तर त्याचा पत्ता कोडमध्ये लिहितात, आणि तोच पत्ता एसआरसीखालच्या फोल्डरांचा रस्ता असतो. नाव हाच पत्ता. त्यामुळे वेगळी मेकफाइल नको, प्रोजेक्टची वेगळी फाइल नको, काय कुठून येतं हे यंत्राला शिकवायला नको. ज्याने जावामध्ये क्लासपाथशी झटापट केलीय त्याला ही केवढी सुटका वाटली असेल! सगळं एका झाडाखाली, ही पद्धत गूगलमध्ये रुळलेली होती, कारण तिथे बहुतेक कोड एकाच प्रचंड साठ्यात राहतो. त्या घरात वाढलेल्या माणसाला ‘झाड कुठे आहे’ एवढा एकच प्रश्न उरतो, आणि एका व्हेरिएबलने तो सुटतो.

पण त्या घराबाहेर दोन अडचणी होत्या. एक, झाड एकच, त्यामुळे एका पॅकेजची एकच आवृत्ती. दोन प्रोजेक्टांना दोन आवृत्त्या हव्या असतील तर काय, याला गोपाथकडे उत्तर नव्हतं. दुसरी अडचण, कोड कुठे ठेवायचा हे तुम्ही ठरवायचं नाही. तुमचं कॉलेजचं काम एका फोल्डरमध्ये, घरचं दुसऱ्यात, ही तुमची सवय बाजूला ठेवा. ‘वर्कस्पेस तुमचा’ असं म्हणायचं, पण नकाशा दुसऱ्याचा. आणि हा नकाशा पोचवायला साधन वापरलं ते एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलचं, जे तीन सिस्टिमवर तीन तऱ्हांनी वागतं. भाषेची रचना साधी ठेवली, आणि उरलेली गुंतागुंत तिच्या उंबऱ्यावर, नेमकी नवख्या माणसाच्या पायात आली. माझी टीका ती इथे आहे.

पुढे काय झालं हे मला फार बोलकं वाटतं. फेब्रुवारी २०१७, आवृत्ती १.८: गोपाथ सेट केला नसेल तर घरातलं गो नावाचं फोल्डर हाच गोपाथ समजला जाऊ लागला. बस्स, एवढंच. त्या तीन भागांची जागा एका गृहीताने घेतली. पाच वर्षं आपण जी सूचना समजावून सांगत होतो, तिची गरज एका ठरलेल्या किंमतीने संपवली. ऑगस्ट २०१८, आवृत्ती १.११: मॉड्यूल आले, प्रयोग म्हणून. आता प्रोजेक्ट कुठेही ठेवा, त्याच्यातच गो-मॉड नावाची छोटी फाइल सांगेल की काय हवं आणि कोणती आवृत्ती. सप्टेंबर २०१९, आवृत्ती १.१३: गो एन्व्हला डब्ल्यूचा पर्याय मिळाला. म्हणजे गोच्या किंमती गो स्वतःच्याच फाइलीत लिहून ठेवेल, आणि आज्ञा तिन्ही सिस्टिमवर एकच! फेब्रुवारी २०२१, आवृत्ती १.१६: मॉड्यूल हीच मूळ पद्धत ठरली. मार्च २०२२, आवृत्ती १.१८: वर्कस्पेस हा शब्द परत आला, पण आता तो गो-वर्क नावाच्या फाइलीत राहतो, एन्व्हायरन्मेंटमध्ये नाही. म्हणजे जी माहिती प्रोजेक्टची, ती प्रोजेक्टजवळ. हा प्रवास योग्य दिशेने झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी सगळं आलबेल नाही. ही वाट चालताना त्यांनी मध्येच आणखी एक व्हेरिएबल काढला, गो-१११-मॉड्यूल नावाचा. ऑन, ऑफ, ऑटो. नावातच आवृत्तीचा आकडा, म्हणजे तात्पुरता हे उघड. पण तात्पुरती ओळ एकदा कोणाच्या शेलच्या फाइलीत गेली की ती कोण काढतो? अजून कितीतरी यंत्रांवर ती पडून असेल. जुन्या मार्गदर्शिका तर आहेतच, त्यांना तारीख नसते. आज शिकायला बसलेल्या मुलाला २०१४ चा सल्ला आणि २०२४ चा सल्ला शेजारी शेजारी दिसतो आणि दोन्ही तितक्याच ठामपणे बोलतात. गो एन्व्ह डब्ल्यूचीही एक मेख आहे: तीच किंमत सिस्टिमच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये आधीच असेल तर सिस्टिमचीच चालते. गो तसा इशारा देतं, पण इशारे वाचण्याबद्दलचा माझा इतिहास तुम्ही आत्ताच ऐकलात.

आणि गोपाथ पुरता गेलेला नाही. बाहेरून आणलेले मॉड्यूल अजून त्याच फोल्डरखाली साठतात. गो इन्स्टॉलने बसवलेलं साधन अजून त्यातल्या बिनमध्ये जातं. आणि ते बिन पाथमध्ये आहे की नाही, हे बघणं अजून तुमच्याकडेच. म्हणजे ‘बसवलं, पण सापडत नाही’ ही नवख्याची पहिली ठेच आजही तशीच आहे. ज्या ओळीने मी त्या मुलीचं नुकसान केलं, त्या ओळीची गरज आजही संपलेली नाही.

बरं, एक गोष्ट मनापासून चांगली सांगतो. समजा तुम्ही गोपाथ लिहिताना घरासाठी वापरतात ते लहरीचं चिन्ह, टिल्डा, अवतरणात घातलंत. अवतरणात असल्यामुळे शेल त्याचा विस्तार करत नाही. तिथे गो नुसतं ‘सापडलं नाही’ म्हणत नाही. ते सांगतं, की गोपाथची नोंद टिल्डासारख्या शेलच्या खास चिन्हाने सुरू होऊ शकत नाही. एका वाक्यात चूक काय ते कळतं. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने नवख्या माणसाला समोर बसवून विचार केलाय. तसंच नुसतं गो एन्व्ह लिहिलं की गोला प्रत्यक्षात काय दिसतंय ते सगळं छापलं जातं. तुम्ही काय लिहिलं हे नव्हे, त्याला काय पोचलं हे. वर्गात आता मी पहिली आज्ञा ही शिकवतो.

माझे एक मित्र म्हणतात, अरे, आपण सगळे असेच ठेचकाळत शिकलो, म्हणून तर आपल्याला शेल कळतं. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. एन्व्हायरन्मेंट समजून घेणं मोलाचं आहे, प्रोग्रॅम एकमेकांना काय देतात ते त्यातून कळतं. पण शेल शिकायचं असेल तर शेलचा तास घ्या. गोच्या पहिल्या तासाला, कारण न सांगता, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ते उरकून घेऊ नका. आणि ‘आपण सगळे शिकलो’ या वाक्यात जे उठून गेले ते मोजलेले नसतात.

म्हणून अशी कुठलीही सूचना वाचताना, आणि तुमच्यापैकी जे लिहितात त्यांनी लिहिताना, तीन गोष्टी बघाव्यात एवढंच माझं मागणं आहे. हे आत्ताच करायची गरज आहे का? झालं की नाही, ते कसं तपासायचं? आणि बिघडलं तर मागे कसं यायचं? त्या सेटेक्सच्या ओळीआधी ‘सध्याचा पाथ एका फाइलीत उतरवून ठेवा’ एवढं एक वाक्य असतं, तर पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं असतं.



(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: सर, आज कोणी गो शिकायला सुरुवात करत असेल तर त्याने गोपाथ सेट करावा का?

उत्तर: नाही. गो बसवा, हवं तिथे फोल्डर करा, गो मॉड इनिट करा आणि लिहायला लागा. जुनं यंत्र असेल तर आधी गो एन्व्ह बघा, कोणी पूर्वी काही लिहून ठेवलंय का. पुढे एखादं साधन बसवाल तेव्हा बिनचा पत्ता पाथमध्ये घाला. विंडोजवर तो खिडकीतून घाला, विंडोज १० पासून तिथे पत्त्यांची सुटसुटीत यादी दिसते, एकेक ओळ. सेटेक्सने पाथला हात लावू नका.

प्रश्न: या सूचना मराठीत असत्या तर त्या मुलीचं नुकसान टळलं असतं का?

उत्तर: मला नाही वाटत. वॉर्निंग इंग्रजीत होती आणि तिने ती वाचली होती. त्या ओळी शब्दशः मराठीत आणल्या असत्या तर चूकही मराठीत आली असती. मराठीत जरूर लिहा, पण लिहिताना ‘का’ लिहा. टर्मिनल बंद करून उघडा, कारण त्याच्याकडे जुनी प्रत आहे. ते ‘कारण’ मूळ इंग्रजीतच नसतं, म्हणून भाषांतरातही येत नाही.

प्रश्न: ती मुलगी पुढे भेटली का?

उत्तर: नाही. भेटली तर तिला सांगायचंय, की त्या दिवशी वॉर्निंग वाचून थांबली, ते तिचंच बरोबर होतं.